मोहाखालचा डबा

प्रिय राजदीप,

'प्रिय' हे हातानं सवयीनं लिहिलं, त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस. पत्राची सुरुवात अशीच करायची असं मूल गावच्या शाळेत शिकवलं होतं आणि शिकवलेलं मी विसरत नाही. तुला फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच "अगं, ऐक ना" म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा निवांत बसून वाच. तसेही सध्या तुझ्याकडे पाहुणे नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

इकडची खुशाली अशी की मोहा भरात आलाय. पहाटे झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर, खांद्यावर फुलं पडत राहतात. अंगणभर ताडपत्रीवर वाळत घातली आहेत आणि घराला तो गोड, जड वास लागलाय. तुझ्या डब्याच्या छपरावर पडलेली तेवढी वेचता आली नाहीत. ती वरच आंबली असतील, मुंग्या लागल्या असतील, वानरं नाचत असतील. पण डबा तुझा, त्यावर मी कशी चढू? मी आपली झाडाखालची फुलं वेचते आणि घरी येते. डबा तुझा आणि झाड माझं, एवढ्या एका गोष्टीवरून तुझा सगळा सीझन बसलाय, आणि मला त्याचं किती बरं वाटतंय ते मी लपवणार नाही. 'मनानं फार चांगली आहे' असं तू माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगायचास ना? ते आता डोक्यातून काढून टाक.

तो डबा आपण पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो का रे? नागपूरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यामागं, आंब्याखाली, पाचोळ्यात उभा होता. मोटारीला जोडून ओढत न्यायचं घर. डॉक्टरांनी हौसेनं घेतलं, मग त्यांचे गुडघे गेले आणि घर तिथंच राहिलं. आत पलंग, घडीचं टेबल, एवढासा ओटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. तू दारात उभा राहून म्हणालास, "हे आपल्या शेताच्या धुऱ्यावर नेऊन लावू. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांना सिमेंटच्या खोल्यांचा कंटाळा आलाय." मला तुझा इतका अभिमान वाटला होता! नागभीडला बापाच्या दुकानात खिळे तोलणारा मुलगा, आणि डोळ्यांत केवढं काय काय. कागद तुझ्या नावावर झाले. जागा माझ्या आईची, जंगलाला लागून. तेव्हा नवराबायकोत नाव कुणाचं हे विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

डबा ट्रकमधून उतरवला तेव्हा सगळं गाव जमलं होतं. तू सगळ्यांना 'कॅराव्हॅन, कॅराव्हॅन' म्हणून शिकवत होतास. आई म्हणाली, "डबा होय तो," आणि तेच नाव पडलं. तिनं आधी पेनांचं, म्हणजे आमच्या देवांचं, नाव घेऊन उंबऱ्याशी मोहाच्या दारूची धार सोडली, मग कुंकू लावलं, मग चपला बाहेर काढून आत गेली आणि त्या पलंगावर बसून लहान पोरीसारखी दोनदा उसळून पाहिली. पाहुणे नसले की ती दुपारी तिथंच जाऊन झोपायची. बुधरीबाई डब्यात झोपते, म्हणून बायका तिला चिडवायच्या. तिला त्याचा कोण आनंद! आयुष्यभर कुडाच्या घरात राहिलेल्या बाईला उतारवयात एक चाकांचं घर मिळालं होतं, जवायानं आणलेलं. गावभर सांगत फिरायची.

आणि काम कोण करायचं, तेही एकदा लिहूनच टाकते. टाकीत पाणी मी भरायची. कूलरच्या ताट्या मी बदलायची. चादरी मी धुवायची. संडासाची टाकी लांब खड्ड्यात नेऊन मी उपसायची, कारण तुला त्या वासानं मळमळायचं. चुलीवर भाकरी, जवसाची चटणी, तळ्यातले मासे, सगळं माझ्या हातचं. तू फोटो काढायचास, पाहुण्यांशी फोनवर गोड बोलायचास, जंगलाच्या गेटवर सोडायला जायचास. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घर दोघांचं असलं की कुणी काय उपसलं ते कोण बघत बसतं?

मग पुण्याच्या त्या कुलकर्णीबाई आल्या. चष्म्याला साखळी लावलेल्या, पाखरांची नावं माहीत असणाऱ्या, बोलायला लाघवी. मी त्यांना भाकरी वाढत होते. त्यांनी तुला विचारलं, "या कोण?" मी मान वर केली, हसायच्या तयारीत. आणि तू ताटातला मासा निवडता निवडता म्हणालास, "आमच्याकडची बाई आहे. मनानं फार चांगली आहे." इतक्या सहज म्हणालास, की माझ्या हातातली भाकरी पडलीसुद्धा नाही. मी ती त्यांच्या ताटात ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसले. रात्री विचारलं तर हसलास. म्हणालास, बायकोच राबतेय म्हटल्यावर लोकांना संकोच होतो, बाई म्हटलं की मोकळेपणानं मागून घेतात, धंद्याची गोष्ट आहे, मनावर घेऊ नकोस. मी बी.ए. झालेली, मूलच्या कॉलेजात तुझ्या पुढच्या बाकावर बसणारी, माझ्या वहीवरून तू पास झालास. आणि मी मनावर घेऊ नको! त्यानंतर तू प्रत्येक पाहुण्याला तेच सांगायला लागलास. नंतर नंतर तर 'मनानं चांगली' हेही गळालं.

मी तेव्हाच भांडायला हवं होतं असं रिना म्हणते. रिना म्हणजे मामाची मुलगी, तीच ती, तुझ्याशी लग्न करू नको म्हणणारी. पण मी भांडले नाही, कारण मला वाटलं, माणूस धंद्यात बोलतो ते एक आणि घरात असतो ते एक. घरातला माणूस माझा आहे. हे वाटणं गेलं ते पोळ्यानंतर.

आईला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पाऊस सुरू, गेट बंद, पाहुणे नाहीत. तू एकदा येऊन गेलास, बिस्किटांचा पुडा ठेवून. त्याआधी कधीपासून तुझं चाललंच होतं, की इथं धड रस्ता नाही, गावातल्या गुणवंतरावांच्या तळ्याकाठच्या शेतात डबा नेला तर दाम दुप्पट येईल, ते भागीदारीला तयार आहेत. मी म्हटलं होतं, आई बरी होऊ दे, मग बघू. तू बघितलं नाहीस. आम्ही लाल बसमधून उतरलो, आईला धरून धरून मी बांधापर्यंत आणलं, आणि पाहते तर डब्याच्या जागी नुसतं पिवळं पडलेलं गवत आणि चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांच्या चऱ्या. आई माझा हात सोडून त्या गवतात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "डबा कुठी गेला वं?" मी तिला बांधावर बसवलं. तुला फोन लावला. तू काय म्हणालास ते तू विसरला असशील, मी शब्दन्‌शब्द सांगते. "अगं, ऐक ना, तू पण ये इकडे. स्वयंपाकाला कोणीतरी लागेलच."

कोणीतरी!

पोलिसांत जा, असं पुष्कळांनी सांगितलं. पण कागद तुझ्या नावावर. मी आईचं औषधपाणी करत बसले आणि आतल्या आत जळत राहिले. मग एक दिवस आमचे पत्रूमामा, म्हणजे आईचे भाऊ, तळ्याकडून बैल घेऊन आले आणि आईला म्हणाले, जवायानं डबा नेमका कुठं लावलाय माहीत आहे का? तळ्याकाठच्या त्या मोठ्या मोहाच्या सावलीत. आईनं दोनदा विचारून घेतलं, कोणता मोहा? बांधावरचा का, खोडाला ढोली असलेला का? तोच, मामा म्हणाले. आणि राजदीप, आई हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून हसली, खोकला येईपर्यंत हसली. मी पाणी दिलं तर माझा हात धरून म्हणाली, "त्याले काही सांगू नोको. मोहाची फुलं पडू दे."

आता तुला ते सांगते जे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि तुला चार उन्हाळे माझ्या शेजारी झोपून कळलं नाही. शेत विकलं जातं, मोहा विकला जात नाही. ते शेत माझ्या आज्याच्या हातून गुणवंतरावांच्या बापाकडे गेलं, पण त्यातला मोहा आमच्याच घराण्याचा राहिला. फुलं आमची, टोरी, म्हणजे त्याच्या बिया, आमची, झाडाखालचं झाडून घ्यायचा हक्क आमचा. कुणाच्या शेतात कुणाचं झाड आहे ते गावात प्रत्येकाला पाठ असतं आणि कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही. दर उन्हाळ्यात मी पहाटे टोपली घेऊन निघायची तेव्हा तुला हलवायची. चल ना एकदा, छान असतं, म्हणायची. तू कूस बदलून म्हणायचास, "तू जाऊन ये." एकदा, फक्त एकदा आला असतास, तर साऱ्या शिवारात सावलीसाठी तेच झाड निवडलं नसतंस. त्या पत्र्याच्या डब्याला सावली हवी हे तुला बरोबर कळलं. सावली कुणाची, हे विचारायला तुला माणूस सापडला नाही. ज्या माणसाला विचारायचं तिला तू बाई करून ठेवलं होतंस.

मग मी वाट पाहिली. आयुष्यात इतक्या गोडीनं कशाची वाट पाहिली नाही. येताना डब्याचा आस मोडला, म्हणून तू मूलहून कमरुद्दीनभाऊंना आणून तो लोखंडी गर्डरांवर वेल्डिंगनं पक्का करून घेतलास. ते परत जाताना आमच्या दारावरून गेले. मी चहा दिला. म्हणाले, "बाई, असा जाम करून देल्लो का भूकंप आला तरी हालत नाई." मी त्यांना आणखी एक कप दिला. तू पुढं लाकडी ओटा बांधलास, दिव्यांच्या माळा सोडल्यास, झाडाला पाटी ठोकलीस. ती पाटी ठोकलेली कळली तेव्हा आईला वाईट वाटलं. पण ती म्हणाली, ठोकू दे, खिळा काढता येतो.

मोहा पडायच्या आधीच आई गेली. शेवटच्या दिवसांत मी तिला अंगणात खाटेवर बसवायची आणि ती वाऱ्याचा वास घ्यायची, कळ्या धरल्या का म्हणून विचारायची. जायच्या आधी तिनं मामाला आणि गावच्या जाणत्या माणसांना बोलावून, त्यांच्या समोर झाड माझ्या हवाली केलं. मुलीला मोहा देत नाहीत असं कुणी म्हटलं, तर ती म्हणाली, देत नसतील, मी देते. तुला निरोप गेला होता. तू आला नाहीस. फोनवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. तुझ्या त्या चित्राकडे पाहून मी आईच्या उशाशी बसून जे ठरवलं, ते मी अजून एका अक्षरानंही बदललेलं नाही. मला तुझा सूड हवाय, राजदीप. माझं डोकं अगदी शांत आहे आणि मला तुझा सूड हवाय.

होळी झाली आणि पहिल्या फुलाबरोबर मी आले. तू पायजम्यावर बाहेर आलास तेव्हा मी, रिना आणि मामी डब्याखालचा पाला खराट्यानं ओढत होतो. दरवर्षीसारखा बांधाकडे ढीग केला आणि काडी लावली. धूर कुठं जायचा ते वाऱ्यानं ठरवलं. आत नागपूरचं जोडपं होतं, खोकत बाहेर आलं. तू ओरडायला लागलास, हे खाजगी आहे, पाहुणे झोपलेत, वगैरे. मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन बोंबलून राह्यलास? झाडवाली आली, मोहा येचून राह्यली." तू धावत गुणवंतरावांकडे गेलास. ते आले, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवून परत गेले. का गेले ते तुला तेव्हा कळलं नाही. त्यांच्या घराण्याचे मोहे आमच्या लोकांच्या शेतांत उभे आहेत. मला अडवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोपल्या रिकाम्या परत आल्या असत्या.

त्यानंतर आम्ही रोज आलो. खरं सांगते, जरा जास्तच मोठ्यानं बोललो. मामीचा आवाज तुला माहीत आहे, ती कानात कुजबुजली तरी तळ्यापलीकडे ऐकू जातं. गोंडीतून तुझ्याबद्दल काय काय बोललो ते तुला कळलं नाही हे तुझं नशीब. मग तू फाटकाला साखळी घातलीस. ठीक आहे, एक दिवस नाही जाऊ, म्हणून आम्ही घरी बसलो. आम्ही गेलो नाही, पण मोहा पडायचा थांबत नाही, आणि बाया नसल्या की फुलांना कोण येतं ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. उजाडता उजाडता तुझ्याकडून किंकाळ्या आल्या. आम्ही थाळ्या, पिंप, मिळेल ते बडवत धावलो. अस्वल तुझ्या लाकडी ओट्यावर बसून सावकाश फुलं खात होतं. आतली ठाण्याहून आलेली पाहुणेमंडळी पलंगावर उभी होती आणि तू बाहेरच्या न्हाणीत कडी लावून बसला होतास. आवाजानं ते गेलं, कुरकुरत, अर्धं पोट घेऊन.

मी पिंपाचं झाकण हातात धरून उभी होते. दम लागला होता, केस सुटले होते. ठाण्याच्या त्या बाई खाली उतरल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तुला विचारलं, "या कोण हो?" राजदीप, तुला सांगते, त्या क्षणी माझ्या मनातला अर्धा राग तू पुसू शकला असतास. न्हाणीतून नुकताच बाहेर आलेला, पांढराफटक पडलेला, पुढ्यात बायको उभी. नुसतं 'ही माझी बायको' म्हणायचं होतं. मी ते ऐकायला थांबले होते, हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. तू म्हणालास, "गावातल्या बाया आहेत. मोहफुलं वेचायला येतात."

त्या मंडळींनी तुझ्याबद्दल नेटवर जे लिहायचं ते लिहिलं आणि ते सगळ्यांनी वाचलं. त्याचा राग तू माझ्या झाडावर काढलास. कुऱ्हाड आणून छपरावरची ती आडवी फांदी तोडलीस, कळ्यांनी लगडलेली. तुझ्या दृष्टीनं फांदी. मी तान्ही असताना आई मोहा वेचायला यायची आणि त्या फांदीला माझी झोळी बांधायची. वेचत वेचत येऊन एक झोका द्यायची आणि पुन्हा वाकायची. ही गोष्ट मी तुला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती. तू मोबाइलमध्ये पाहत 'हं' म्हणाला होतास. फांदी पडलेली पाहिली त्या दिवशी मी रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. मग डोळे पुसून मामाकडे गेले.

गावाच्या बैठकीत तू होतासच, तेव्हा सगळं सांगत नाही. तू ऐटीत म्हणालास, जमीन गुणवंतरावांची आहे, मी त्यांच्या परवानगीनं फांदी तोडली. सगळ्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "जमीन माही होय गा. झाड तं माहं नोहे." तुझं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं. मी पोटभर पाहून घेतलं, आईच्या वाट्याचंही. गावच्या जाणत्यांच्या वतीनं पत्रूमामांनी निकाल दिला, की फुलं आणि टोरी पडेपर्यंत त्या झाडाच्या सावलीत काय उभं राहायचं ते झाडवाली ठरवेल, आणि फांदीची भरपाई काय तेही तीच सांगेल. मला विचारलं तर मी म्हटलं, विचार करून कळवते.

पाहुणे आता येत नाहीत. डबा हलत नाही. कमरुद्दीनभाऊ म्हणतात, गर्डर कापायला गेलं तर खालचा पत्रा फाटेल, मग ते घर राहणार नाही, भंगार होईल. गुणवंतरावांनी भागीदारीतून अंग काढून घेतलं. आणि फुलं संपली की टोरी पडायला लागेल. तो आवाज पत्र्यावर फुलांसारखा मऊ नसतो, एवढं सांगून ठेवते. परवा तू तुझ्या मित्राला, प्रफुलला, पाठवलंस. तो बिचारा उन्हातून आला, माझ्याकडे जेवला आणि निरोप सांगितला, की जे झालं ते झालं, राजदीप म्हणतो मोठं मन कर, किती झालं तरी आपण नवराबायको आहोत. नवराबायको! हा शब्द तुला बरोबर वेळेवर आठवला. पाहुण्यांसमोर दर वेळी गिळलास आणि प्रफुलसमोर बाहेर काढलास. त्या निरोपाचं उत्तर म्हणून हे पत्र लिहिलंय. माझं मन मोठं नाही, पण माझी अट छोटी आहे. डबा आहे तिथंच राहील, गुणवंतरावांशी मी बोलले आहे. कागद माझ्या नावावर होतील आणि पाहुणे माझ्या नावानं येतील, मी त्यांच्याशी फोनवर गोड बोलेन, गेटवर सोडायला जाईन. तुला राहायचं असेल तर तूही राहा, शेतावरची ती खोली आहे. फांदीची भरपाई म्हणून रोज पहाटे उठून झाडाखालचं झाडायचं, मग टाकीत पाणी भरायचं, चादरी धुवायच्या आणि संडासाची टाकी उपसायची. मळमळलं तर नाकाला फडकं बांध, मी तेच करायची. नको असेल तर गर्डर काप आणि भंगार घेऊन नागभीडला जा, मला दोन्ही चालेल. पण लवकर कळव, कारण पुण्याच्या त्या चष्म्याला साखळीवाल्या कुलकर्णीबाईंचा मला फोन आला होता, त्या पुन्हा यायचं म्हणतायत, या वेळी बहिणीला घेऊन. मी हो म्हटलंय. त्या ओट्यावर जेवायला बसतील, मी भाकरी वाढत असेन आणि तू पाण्याची बादली घेऊन पलीकडून जाशील. त्या विचारणारच, त्यांना विचारायची सवय आहे, "हे कोण?" मी मान वर न करता सांगेन, आमच्याकडचा माणूस आहे. मनानं चांगला आहे, एवढं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही.

तुझीच,
आमच्याकडची बाई
(रंजीता)